आबांचं अंडं पुन्हा सुरू करा

पत्र: डॉक्टर, सासऱ्यांना आम्ही आबा म्हणतो. वय ६३. तरुणपणी तालमीत होते, नंतर शिरोलीच्या एका फाउंड्रीत पॅटर्न शॉपला नोकरी केली. आठ महिने शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध समजून औषधं चालली. शेवटी दुर्बिणीनं तपासलं तर मोठ्या आतड्यात डाव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन झालं. जवळच्या तीन लसिकाग्रंथींत आजार पोचला होता, म्हणून तिसरी स्टेज सांगितली. आता दर तीन आठवड्यांनी ऑक्सॅलिप्लाटिनचं सलाईन आणि चौदा दिवस केपसायटाबिनच्या गोळ्या, अशा दोन सायकल झाल्या.

माझा पुतण्या बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करतोय. त्यानं एक शोधनिबंध दाखवला. या कॅन्सरमध्ये प्रोटीन तयार करणारे फॅक्टर वाढलेले असतात, ईआयएफ४ई वगैरे. मग घरच्यांनी ठरवलं, आबांचं प्रोटीन बंद. अंडी, दूध, डाळ, मटण, काही नाही. महिनाभर पेज, फळं आणि भाकरीचा तुकडा. वजन ७० वरून ६४ वर आलं. आबा बोलत नाहीत, पण ताट बघून मान फिरवतात. हे बरोबर चाललंय का? त्या फॅक्टरची तपासणी आणि त्यावरचं औषध मिळेल का? आणि माझ्या मिस्टरांना (३८), नणंदेला (४१), मुलांना धोका आहे का?
— एक सून, कसबा बावडा

उत्तर: ताई, बाकीचं सावकाश वाचा. आज रात्री आबांना दोन उकडलेली अंडी द्या. वरण घट्ट करा, वर तूप सोडा. मग इथं परत या.

तुमच्या पुतण्याला रागावू नका. त्यानं वाचलेला निबंध खोटा नाही. असं संशोधन पस्तीसएक वर्षं चालू आहे आणि ते चांगलं आहे. घोटाळा झाला तो एका शब्दानं. ‘प्रोटीन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं अंडं येतं, पहिलवानाचा खुराक येतो. निबंधातलं प्रोटीन ते नव्हे. पेशीच्या आत, पेशीनं स्वतःसाठी घडवलेला माल, त्याला तिथं प्रोटीन म्हटलंय. आणि ‘फॅक्टर’ म्हणजे तो माल घडवणारे कामगार. कामगार जास्त झाले म्हणून आबांच्या ताटातली डाळ काढायची, हे गणित कुठंच बसत नाही. का बसत नाही ते सांगतो. आबांनाही वाचून दाखवा, त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर कळेल. पॅटर्न शॉपचा माणूस आहे.

फाउंड्रीत मास्टर ड्रॉइंग कुलपात असतं. खाली शॉपवर येते ती कॉपी. पेशीतही तसंच. मूळ डीएनए केंद्रात बंद, त्याची कॉपी म्हणजे एमआरएनए बाहेर येते, आणि रायबोसोम नावाच्या मशिनवर तिच्याबरहुकूम प्रोटीनचं कास्टिंग होतं. आता नुसती कॉपी मशीनपाशी पडून जॉब निघत नाही. ती उचलून मशिनवर लावणारा माणूस लागतो. एमआरएनएच्या एका टोकाला रसायनाची एक टोपी असते. त्या टोपीला नेमकं पकडणारा जो, तो ईआयएफ४ई. त्याच्या जोडीला आणखी दोघे. एक सगळ्यांना एकत्र धरून ठेवतो, दुसरा ड्रॉइंगची गुंडाळी उलगडतो. ही टोळी बसली की मशीन चालू.

यातली मेख अशी. सगळी ड्रॉइंग सारखी नसतात. पेशीच्या रोजच्या गरजेची, म्हणजे सांगाडा वगैरे बनवणारी ड्रॉइंग सरळ असतात, पटकन लागतात. पण ‘वाढा’, ‘विभागा’, ‘नवीन रक्तवाहिनी बोलवा’ असे हुकूम देणाऱ्या प्रोटीनची ड्रॉइंग सुरुवातीलाच गुंतलेली, गाठी पडलेली असतात. निरोगी पेशीत ईआयएफ४ई मोजकाच मोकळा असतो, म्हणून ही गुंतागुंतीची ड्रॉइंग रांगेत मागं राहतात. राहायलाच पाहिजेत. वाढीचे हुकूम रोज सुटले तर शरीराचं काय होईल? ईआयएफ४ई वाढला की रांग हलते. नेहमीच्या मालात फारसा फरक पडत नाही, पण वाढीचा माल धडाधड निघायला लागतो.

शिवाय ईआयएफ४ईचे हात धरून ठेवणारं एक प्रोटीन असतं. ते कधी सोडायचं हे एमटॉर ठरवतो. एमटॉरला शॉपचा मॅनेजर समजा. कच्चा माल आहे का, वीज आहे का, वरून ऑर्डर आहे का, हे बघून तो हात सोडायला सांगतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये या सगळ्या साखळीत बिघाड असतो. दर पाचांपैकी साधारण चार गाठींत एपीसी नावाचा जीन बिघडलेला सापडतो. तो बिघडला की एमवायसी नावाचा वाढीचा हुकूम चढतो आणि एमवायसी रायबोसोमचीच संख्या वाढवतो. म्हणजे मशिनंही जास्त, टोळ्याही जास्त. तुमच्या पुतण्यानं वाचलं ते हेच.

१९९० साली कॅनडात माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात नाहुम सोनेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेनं उंदराच्या साध्या पेशींत ईआयएफ४ई जास्तीचा भरला, तर त्या पेशी कॅन्सरसारख्या वागू लागल्या. १९९९ मध्ये आणखी एक गोष्ट पुढं आली. हा फॅक्टर पूर्ण कॅन्सर झाल्यावरच वाढतो असं नाही. आतड्यात कॅन्सरच्या आधी जो कोंब येतो, ज्याला पॉलिप म्हणतात, त्यातही तो वाढलेला असतो. मी पॅथॉलॉजीत आयुष्य काढलं. पॉलिपची स्लाइड बघताना आम्ही पेशींचे आकार बघायचो, केंद्रं किती मोठी, किती काळी. त्या पेशींत मशिनं तेव्हाच तिन्ही पाळ्यांत चालू असतील, हे मायक्रोस्कोपखाली दिसत नव्हतं. आज ते आठवलं की जरा चुटपुट लागते, पण असो.

आता तुमचा पुतण्या हुशार असेल तर इथं मला अडवेल. म्हणेल, काका, एमटॉर कच्चा माल बघूनच हुकूम देतो ना? कच्चा माल म्हणजे अमिनो आम्लं, आणि ती येतात अन्नातल्या प्रोटीनमधून. मग अन्न तोडलं तर एमटॉर झोपेल!

पोरा, शंका चांगली आहे. पण शरीर म्हणजे एकच शॉप नव्हे, आख्खी एमआयडीसी आहे. फाटकातून माल यायचा बंद झाला की शरीर रक्तातली अमिनो आम्लांची पातळी पडू देत नाही. ते स्वतःचे स्नायू वितळवून माल पुरवतं. गाठीच्या पेशी कुठं मागं राहिल्या असतील तर त्यांना त्यांचा वाटा मिळतच राहतो. त्यांच्या मॅनेजरचा फोन तर आधीच बिघाडामुळं चालूवर अडकलाय. आबांच्या अंगावरून गेलेले सहा किलो गाठीचे नव्हते. ती गाठ तर ऑपरेशनमध्ये सर्जननं कधीच काढून टाकली. गेले ते मांडीचे, दंडाचे. तालमीत कमावलेले.

आणि आबांना आत्ता प्रोटीन कशाला लागतंय ते बघा. आतड्याचा सांधा नुकताच भरून येतोय. आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं आणि केमो नेमकं त्यावरच घाव घालते. पांढऱ्या पेशी दर सायकलला पडतात आणि पुन्हा तयार कराव्या लागतात. या सगळ्यासाठी तीच मशिनं, तेच फॅक्टर निरोगी पेशींतही राबतायत. स्नायू उतरलेल्या माणसाला केमो झेपत नाही. मग डोस कमी करावा लागतो, तारखा पुढं जातात. आणि तुम्हाला मागं राहिलेल्या पेशींशी लढायचंय तर तारखा चुकवून चालणार नाही.

ताटाचा हिशेब सांगतो. अशा रुग्णाला दर किलो वजनामागं रोज किमान १ ग्रॅम आणि जमल्यास १.५ ग्रॅमपर्यंत प्रोटीन द्यावं असं मानतात. ६४ किलोला म्हणजे ६५ ते ९५ ग्रॅम. दोन अंड्यांत १२, दोन कप म्हशीच्या दुधात १८-२०, दोन वाट्या घट्ट वरणात १२-१४, वाटीभर दह्यात पाचेक, चिकनच्या शंभर ग्रॅम शिजलेल्या तुकड्यांत पंचवीसच्या आसपास. झाला की हिशेब. ज्या वाराला मांसाहार नसतो त्या दिवशी पनीर, मोड आलेली मटकी शिजवून, शेंगदाण्याची चटणी. किडनीचा त्रास असेल तर मात्र आकडा तुमच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. एका वेळी जात नसेल तर सहा वेळा थोडं थोडं द्या. केपसायटाबिनची गोळी जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत घ्यायची असते, ते वेळापत्रक त्यात बसवा.

काही गोष्टी आपल्या कोल्हापूरच्या म्हणून वेगळ्या सांगायला हव्यात. आबा तालमीतले, म्हणजे गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध त्यांना प्यारं असणार. केमो संपेपर्यंत ते नको. पांढऱ्या पेशी कमी असताना न उकळलेलं दूध धोक्याचं. उकळून, कोमट करून द्या. दुधात फोडून प्यायचं कच्चं अंडंही नको, उकडलेलंच. आणि ठंडाई तर अजिबात नको. त्याचं कारण प्रोटीन नव्हे. ऑक्सॅलिप्लाटिन घेतल्यावर काही दिवस गार पदार्थ घशाला लागला की घसा आवळल्यासारखा होतो, बोटांना मुंग्या येतात. फ्रिजमधली बाटलीसुद्धा त्यांना हातात घेऊ देऊ नका.

तांबडा रस्सा? तोंडात फोड असतील, जुलाब असतील तर तिखटानं हाल होतील. पांढरा रस्सा त्या मानानं सोसतो. मटणाबद्दल खरं सांगायचं तर, २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं सॉसेज-सलामीसारखं प्रक्रिया केलेलं मांस कॅन्सरचं निश्चित कारण म्हणून नोंदवलं आणि लाल मांस ‘बहुधा’ या वर्गात ठेवलं. बकऱ्याचं मटण लाल मांसातच येतं. तिथंही कारण प्रोटीन नाही. लाल मांसातलं लोहयुक्त रंगद्रव्य आणि जास्त आचेवर भाजताना तयार होणारी रसायनं यांच्यावर संशय आहे. म्हणून आठवड्यातून एक दिवस मटण, बाकी दिवस चिकन, मासे, अंडी. एका रविवारच्या वाटीवरून घरात भांडण नको.

आता औषध. हा भाग जरा रंगतो, कारण यात एक विलक्षण माणूस येतो. १९६४ मध्ये एक मोहीम पॅसिफिक महासागरातल्या ईस्टर बेटावर गेली आणि तिथली माती घेऊन आली. त्या मातीतल्या जिवाणूपासून माँट्रियलच्या एका औषध कंपनीत सुरेन सहगल या मूळच्या पंजाबातल्या शास्त्रज्ञानं एक द्रव्य वेगळं केलं आणि १९७५ मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. बेटाच्या स्थानिक नावावरून, रापा नुईवरून, त्याचं नाव पडलं रॅपामायसिन. तो एमटॉर, आपला मॅनेजर, त्याचं नावच या औषधावरून पडलंय. १९९९ मध्ये ते किडनी बदललेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत मंजूर झालं. आणि नशीब बघा, सहगलांना स्वतःलाच मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. त्यांनी स्वतः रॅपामायसिन घेतलं. २००३ मध्ये ते गेले. त्यांच्या गोष्टीवरून कोणी निष्कर्ष काढू नये. एक माणूस म्हणजे चाचणी नव्हे, आणि हे त्यांनाही माहीत होतं.

पुढं २०१५ मध्ये ग्लासगोच्या शास्त्रज्ञांनी एपीसी बिघडवलेल्या उंदरांवर दाखवलं की एमटॉर प्रोटीनच्या साखळीला कडी जोडण्याचा वेग वाढवतो. त्यासाठीही एक फॅक्टर असतो, ईईएफ२. रॅपामायसिननं हा वेग उतरला आणि गाठी आक्रसल्या, निरोगी अस्तराला मात्र फारशी झळ लागली नाही. त्याच वर्षी दुसऱ्या प्रयोगात ईआयएफ४ई जन्मापासून निम्माच असलेले उंदीर धडधाकट वाढले, पण त्यांच्यात फुप्फुसाच्या गाठी कमी झाल्या. म्हणजे निरोगी अंगाला निम्म्यावर भागतं, गाठीला भागत नाही. आशा यावरच आहे.

मग माणसात का चाललं नाही? रॅपामायसिनच्या घराण्यातलं एव्हरोलिमस आजार पसरलेल्या रुग्णांवर वापरून पाहिलं, हाती फारसं लागलं नाही. एक कारण असं की ही औषधं मॅनेजरचा एक फोन बंद करतात, दुसरा चालूच राहतो. आणि केआरएएस नावाचा जीन बिघडलेल्या गाठी, ज्या साधारण शंभरात चाळीस असतात, त्या एमएनके नावाच्या बाजूच्या दारानं ईआयएफ४ईला सतत चिथावत राहतात. २०२१ मध्ये ग्लासगोतूनच दाखवलं गेलं की एमटॉर आणि एमएनके ही दोन्ही दारं एकदम बंद केली तर उंदरांत परिणाम दिसतो. उंदरांत, ताई. माणसांसाठी नेमानं द्यावं असं या वाटेचं औषध आतड्याच्या कॅन्सरला आज नाही. कोणी ‘रॅपामायसिन मिळवून देतो’ म्हणालं तर घेऊ नका. ते प्रतिकारशक्ती दाबतं, केमोच्या मधोमध ते आगीत तेल.

पण एक गोष्ट तुमच्या पुतण्याला सांगाच, त्याला आवडेल. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांना आढळलं की ऑक्सॅलिप्लाटिन तिच्या बहिणींपेक्षा, म्हणजे सिसप्लाटिनपेक्षा, वेगळ्या रीतीनं मारते. डीएनए तोडण्यापेक्षा ती नवीन रायबोसोम बनवण्याचं काम विस्कटते. केपसायटाबिनचं शरीरात फ्लुरोयुरॅसिल होतं आणि तेही डीएनएबरोबर आरएनएमध्ये घुसून तिथली जुळणी बिघडवतं. प्रोटीनच्या कारखान्यावर हल्ला करणारं औषध कुठं मिळेल, असं तुम्ही विचारलंत. त्यातलं निम्मं दर तीन आठवड्यांनी आबांच्या शिरेतून जातंय आणि निम्मं तुमच्या फडताळात गोळ्यांच्या पाकिटात आहे.

ईआयएफ४ईची तपासणी करून घ्यायची गरज नाही. आकडा आला तरी त्यावरून उपचार बदलत नाही, नुसते पैसे जातील. त्याऐवजी पॅथॉलॉजीचा कागद घेऊन पुढच्या भेटीत एवढं विचारा: ‘एमएमआर’ ही तपासणी झाली आहे का? ऑपरेशनच्या वेळचा गाठीचा मेणात ठेवलेला ठोकळा लॅबमध्ये असतो, त्यावर ती करता येते. पेशी विभागताना मास्टर ड्रॉइंगची, म्हणजे डीएनएचीच, दुसरी प्रत काढताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी चार प्रोटीनं असतात, ती गाठीत आहेत का नाहीत एवढंच त्यात बघतात. दर शंभरात पंधराएक गाठींत त्यातलं एखादं नसतं. केआरएएस, एनआरएएस, बीआरएएफ या तपासण्या मुख्यतः आजार दूर पसरला तर औषध निवडायला लागतात, आत्ता घाई नाही. उपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतात का, हेही त्याच खेपेला हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राकडं विचारून घ्या.

ताप १००.४च्या वर गेला किंवा दिवसात चार-पाच वेळा जास्तीचे जुलाब झाले, तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका. त्याच दिवशी फोन करा, रात्र असली तरी.

घरच्यांच्या धोक्याचं उत्तर त्या एमएमआरच्या कागदावर अवलंबून आहे. चारही प्रोटीनं असतील, तर लिंच सिंड्रोम, म्हणजे घराण्यातून उतरणारा, या कॅन्सरचा धोका वाढवणारा जीनचा दोष, असण्याची शक्यता खूपच कमी. तरीही सख्ख्या मुलांनी सर्वसाधारण माणसाच्या आधी दुर्बिणीची तपासणी सुरू करायची असते, वयाच्या ४०व्या वर्षी किंवा वडिलांना आजार कळला त्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा. आबांच्या ६३ मधून दहा वजा केले तर ५३, म्हणून ४०च धरायचं. तुमच्या मिस्टरांना दोन वर्षं आहेत, पण शौचातून रक्त दिसलं तर ‘मूळव्याध असेल’ म्हणून एक महिनाही थांबायचं नाही. आठ महिने काय करतात ते तुमच्या घरानं बघितलंय. त्यातलं एखादं प्रोटीन नसेल तर जीनची तपासणी, आणि त्यात लिंच निघाला तर ज्यांच्यात तो उतरलाय त्यांची दुर्बीण आणखी लवकर, विशी-पंचविशीपासूनच. तुमच्या मुलांचा प्रश्न तेव्हा, तोपर्यंत नाही.

नणंदबाई मात्र ४१ च्या आहेत. त्यांची वेळ झालेली आहे. त्या म्हणतील, मला काही त्रास नाही. पॉलिपला त्रास नसतोच, आणि त्याच वेळी तो दुर्बिणीतूनच कापून काढता येतो. त्यांची तारीख आबांच्या चौथ्या सायकलच्या आधी घेऊन टाका. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, ते फार बेचव असतं एवढं आधीच सांगून ठेवा.